चवथ जुलैत कशी छापली गेली: सी भाषेत वेळेचा मजकूर करताना

गोव्यात माशेलला मामाची गणपतीची चित्रशाळा आहे. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, महिन्यावर आली की लोक घरचा पाट आणून देतात, मामा पाटाच्या मागच्या बाजूला खडूने आडनाव लिहितो आणि त्या घरचा गणपती त्याच पाटावर बसतो. २०२५ साली मी हौसेने त्याला एक छोटं यंत्र करून दिलं. तळहाताएवढा बोर्ड, एक थर्मल प्रिंटर आणि दोन बटणं. पाट आला की पहिलं बटण दाबायचं, नुसती नोंद होते. मूर्ती नेली की दुसरं दाबायचं, पावती निघते. आतला प्रोग्राम सी भाषेतला. तपासणी घाईत उरकलेली, कारण चवथीआधी आमच्याकडे सगळंच घाईत असतं.

२७ ऑगस्टला, चवथीच्या सकाळी, पहिली पावती निघाली. तिच्यावर तारीख-वेळ अशी होती: २७/७/१२५ १०:५:९.

मामाने कागद चष्म्याजवळ नेला. "हें कितें रे? चवथ जुलैंत केन्ना जाली?" मग आणखी जवळ नेला. "आनी हें १२५ वर्स खंयचें?"

यंत्राचं घड्याळ सेकंदापर्यंत बरोबर होतं. चूक होती ती घड्याळातली वेळ कागदावरच्या अक्षरांत आणताना झालेली, आणि ती पूर्णपणे माझी. पण ही चूक करणारा मी पहिला नाही. सी शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण ती एकदा करतो, म्हणून हा सगळा मामला नीट उलगडून सांगतो.

आधी एक सोय. सीचा कोड रोमन लिपीत लिहितात. इथे मी फंक्शनांची, म्हणजे नावाने बोलावता येणाऱ्या तयार कामांची, नावं आपण फोनवर मित्राला कोड सांगताना उच्चारतो तशी लिहिणार आहे. अक्षर स्मॉल की कॅपिटल तेही तसंच तोंडी सांगेन. ते ऐकताना कान देऊन ऐका, अर्धी गोची तिथेच आहे.

आकडा, तुकडे, मजकूर

सीमध्ये वेळ तीन रूपांत राहते. पहिलं रूप नुसता आकडा. 'टाइम' नावाचं फंक्शन बोलावलं की 'टाइम-टी' प्रकारातला एक आकडा हातात येतो. लिनक्स, मॅक, विंडोज अशा नेहमीच्या सगळ्या यंत्रणांवर तो म्हणजे १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून उलटलेले सेकंद. ही मध्यरात्र यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची. आपल्या पहिल्या पावतीच्या क्षणी तो आकडा होता १७५६२६९३०९. त्या क्षणी माशेलमध्ये, मुंबईत आणि लिस्बनमध्ये हाच आकडा होता. त्यात गाव नाही, वार नाही, चवथ नाही.

मजेची गोष्ट अशी की शून्य १९७० लाच असावं असं सी भाषेचं प्रमाण कुठेही म्हणत नाही. ती युनिक्स या जुन्या संगणक यंत्रणेकडून आलेली रीत. एव्हीआर जातीच्या छोट्या चिपांसाठीची जी लायब्ररी आहे तिने शून्य १ जानेवारी २००० ला ठेवलं आहे. त्या चिपवरचा आकडा उचलून संगणकावर उलगडला तर सगळं तीस वर्षं मागे जातं. दोघांतला फरक ९४६६८४८०० सेकंदांचा, तेवढे मिळवावे लागतात.

दुसरं रूप तुकड्यांचं. 'लोकलटाइम' किंवा 'जीएमटाइम' यांना आकडा दिला की ते 'स्ट्रक्ट टीएम' नावाची एक पेटी भरून देतात. पेटीत खण असतात: सेकंद, मिनिट, तास, महिन्यातला दिवस, महिना, वर्ष, वार, वर्षातला दिवस आणि उन्हाळी वेळ लागू आहे की नाही याची खूण. आकड्याला गाव चिकटतं ते इथे. 'जीएमटाइम' यूटीसीचे तुकडे करतं, 'लोकलटाइम' त्या यंत्राला जी स्थानिक वेळ सांगितली आहे तिचे.

तिसरं रूप मजकुराचं, जे माणूस वाचतो.

तारखेत काही बिनसलं की मी आता पहिल्यांदा एवढंच विचारतो: आकडाच चुकीचा आला, तुकडे चुकीचे पडले, की मजकूर चुकीचा जुळला? तिन्हींच्या चुका वेगळ्या दिसतात. थोडी सवय झाली की कागदाकडे बघूनच कळतं.

पेटीतले खोडसाळ खण

मामाच्या पावतीत आकडा ठीक होता, तुकडेही ठीक होते. मी केलं होतं इतकंच, की पेटीतले खण जसेच्या तसे छापणाऱ्या 'प्रिंटएफ' फंक्शनला देऊन टाकले. त्या क्षणी पेटीत होतं ते असं: दिवस २७, महिना ७, वर्ष १२५, वार ३, वर्षातला दिवस २३८, तास १०, मिनिट ५, सेकंद ९.

महिना शून्यापासून मोजतात. जानेवारी ०, डिसेंबर ११, म्हणून ऑगस्ट ७. वर्ष १९०० पासून मोजतात, म्हणून २०२५ चे १२५. वार रविवारपासून, रविवार ०, म्हणून बुधवार ३. वर्षातला दिवसही शून्यापासून. आणि महिन्यातला दिवस मात्र सरळ १ पासून! ऐकायला हे लहरी वाटतं, पण थोडा विचार केला तर त्यात सोय दिसते. महिन्याला आणि वाराला नावं असतात. नावांची एक रांग करून ठेवली की शून्यापासूनचा हा आकडा थेट त्या रांगेतलं स्थान होतो. दिवसाला नाव नसतं, तो जसा मोजतो तसाच छापायचा असतो, म्हणून त्याला १ पासून ठेवलं.

म्हणजे हाताने छापायचंच असेल तर महिन्यात १ आणि वर्षात १९०० मिळवायचे. वर्षाच्या बाबतीत जुने लोक आणखी एक आडवाट धरायचे: समोर "१९" ही अक्षरं छापायची आणि त्याला खणातलं वर्ष चिकटवायचं. ९८ असताना १९९८, ९९ असताना १९९९, छान चाललं होतं. १ जानेवारी २००० ला खणात १०० आले आणि कित्येक संकेतस्थळांवर साल १९१०० झालं. मामाला हे सांगितलं तेव्हा १२५ बद्दलचा त्याचा राग जरा निवळला.

१०:५:९ चं कारण साधं. ५ हा आकडा छापला तर ५ च छापला जाणार, पुढे शून्य लावून दोन जागा भरा असं 'प्रिंटएफ'ला सांगावं लागतं. टक्का, शून्य, दोन, स्मॉल डी. ते सांगितलं असतं तर १०:०५:०९ आलं असतं.

तयार माल: सीटाइम

मग हा हाताचा उद्योग का करायचा, तयार फंक्शनं आहेत ना? आहेत. सगळ्यात आळशी वाट 'सीटाइम'ची. आकडा द्या, मजकूर घ्या. तिचा सख्खा भाऊ 'एएससीटाइम', तो आकड्याऐवजी पेटी घेतो. दोघांचा साचा एकच आणि तो बदलता येत नाही: इंग्रजी वाराची तीन अक्षरं, महिन्याची तीन अक्षरं, दिवस, तास-मिनिट-सेकंद, आणि साल सगळ्यात शेवटी. ही २४ अक्षरं, वर एक नवी ओळ, वर मजकूर संपल्याची खूण म्हणून शेवटचा शून्य बाइट, मिळून २६.

त्या नव्या ओळीकडे लक्ष द्या. ती मजकुराच्या पोटातच असते. पडद्यावर कळत नाही, पण थर्मल प्रिंटरवर प्रत्येक तारखेमागे एक रिकामी ओळ सरकते आणि रोल लवकर संपतो. तारखेनंतर त्याच ओळीत काही छापायचं असेल तर ते खाली घसरतं. वर्ष चार अंकांच्या पलीकडे गेलं तर 'एएससीटाइम' काय करेल याची प्रमाण हमी देत नाही. सी भाषेच्या २०२३ च्या प्रमाणाने तर दोघांवरही 'आता वापरू नका' असा शिक्का मारला आहे. तपासणीच्या वेळी पडद्यावर पटकन काहीतरी बघायला ठीक, गिऱ्हाइकाच्या हातात द्यायला नको.

एकच पाट, दोन गणपती

महिना आणि वर्ष दुरुस्त केल्यावर मी पावतीवर दोन ओळी घातल्या, 'पाट आला' आणि 'मूर्ती दिली'. पाट २० जुलैला आला होता. पावतीवर मात्र दोन्ही ओळींत २७ ऑगस्ट, सकाळी १०:०५. पाट आला त्याच मिनिटाला मूर्ती तयार! मामाचा हात इतका चालत असता तर आम्ही अख्ख्या तिसवाडीला गणपती पुरवले असते.

हे असं का झालं ते बारकाईने बघण्यासारखं आहे, कारण इथे कोड वाचताना सगळं बरोबर दिसतं. मी 'लोकलटाइम' दोनदा बोलावलं होतं, एकदा पाटाच्या आकड्यावर, एकदा मूर्तीच्या. दोन्ही उत्तरं दोन वेगळ्या नावांनी धरून ठेवली. नंतर दोन्ही छापली. पण 'लोकलटाइम' दर वेळी नवी पेटी देत नाही. त्याच्याकडे स्वतःची एकच पेटी असते. ते ती भरतं आणि तुम्हाला पेटीचा पत्ता देतं. दुसऱ्यांदा बोलावलं की तीच पेटी पुसून पुन्हा भरतं. माझ्याकडे नावं दोन होती, पण पत्ता एकच. म्हणजे एकाच पाटावर आधी एका घरचा गणपती बसवला, तो उतरवून दुसऱ्याचा बसवला, आणि मी मात्र दोन आडनावं लिहून बसलो की पाट दोन आहेत.

'सीटाइम'चीही तीच कथा, तिथे मजकुराची जागा एकच असते. एकाच 'प्रिंटएफ'मध्ये ते दोनदा बोलावलं तर दोन्ही ठिकाणी एकच तारीख येते. त्यातली कुठली, हेही नक्की नाही, कारण दोनपैकी आधी कुठलं बोलावायचं ते सी भाषेने ठरवलेलं नाही.

उपाय दोन. पहिला, पेटी मिळाली की लगेच तिची आपल्याकडे प्रत काढायची. नुसता पत्ता ठेवायचा नाही, अख्खी पेटी उतरवून घ्यायची. दुसरा, 'लोकलटाइम-आर' वापरायचं. त्याला आपण आपली पेटी देतो आणि ते तीच भरतं. लिनक्सवर ते जुनंच आहे, २०२३ च्या प्रमाणात आता सीमध्येही आलं. विंडोजवर 'लोकलटाइम-एस' आहे, पण तिथे आधी पेटी आणि मग आकडा द्यायचा असतो. सीच्या २०११ च्या प्रमाणातल्या त्याच नावाच्या फंक्शनात क्रम बरोबर उलटा. हे कोणी आणि का केलं यावर मी एक संध्याकाळ घालवली आहे, तुम्ही घालवू नका.

प्रोग्राममध्ये एकाच वेळी अनेक धागे (थ्रेड), म्हणजे समांतर चालणारी कामं, चालत असतील तर ही एकच पेटी आणखी घातक ठरते. तुम्ही वाचत असताना दुसरा धागा ती पुसतो, आणि दिवस तुमचा पण महिना त्याचा अशी सरमिसळ तारीख निघते. ती चूक हजारात एकदा दिसते आणि शोधायला गेलं की लपते.

स्ट्रफटाइम, खरा कारागीर

मनासारखा मजकूर हवा असेल तर शेवटी 'स्ट्रफटाइम'कडेच यावं लागतं. त्याला चार गोष्टी द्यायच्या: मजकूर ठेवायची जागा, त्या जागेचं माप, साचा आणि पेटी. साच्यात टक्क्याचं चिन्ह आणि एक अक्षर आलं की तिथे पेटीतला तुकडा बसतो, बाकीची अक्षरं जशीच्या तशी उतरतात. साचा जर टक्का स्मॉल डी, तिरकी रेघ, टक्का स्मॉल एम, तिरकी रेघ, टक्का कॅपिटल वाय असा दिला, तर २७/०८/२०२५ मिळतं. महिन्यातला एक, वर्षातले १९००, पुढचं शून्य, सगळं ते स्वतः सांभाळतं. खण कसे मोजतात याची आठवण तुम्हाला ठेवावी लागत नाही.

आठवण ठेवायची ती स्मॉल-कॅपिटलची. स्मॉल एम म्हणजे महिना, कॅपिटल एम म्हणजे मिनिट. चुकून कॅपिटल एम पडला असता तर आपली पावती म्हणाली असती २७/०५/२०२५. नीट बघा, ही तारीख खोटी वाटतच नाही. मे महिन्यातला मंगळवार. १०:०५ वाजता छापलेली म्हणून महिना ०५, पुढच्या मिनिटाला ०६. १०:१३ वाजेपर्यंत ही चूक कोणाच्या लक्षात येणार नाही, मग एकदम तेरावा महिना उगवेल. म्हणून तारखेचा कोड तपासायचा तर दुपारी १२ नंतरची वेळ घ्यावी आणि मिनिट १२ च्या पुढचं, दिवसही १२ च्या पुढचा. सगळे तुकडे एकमेकांपासून वेगळे असले म्हणजे कोण कुठे बसला ते दिसतं.

स्मॉल वाय सालाचे शेवटचे दोनच अंक देतो. कॅपिटल एच २४ तासांच्या घड्याळाचा तास, कॅपिटल आय १२ तासांचा. कॅपिटल आय वापरलात तर सोबत स्मॉल पी हवाच. तो एएम-पीएम देतो, नाहीतर सकाळचे आठ आणि रात्रीचे आठ सारखेच. कॅपिटल डी ही अमेरिकेची तारीख, आधी महिना, मग दिवस, मग दोन अंकी साल: ०८/२७/२५. आपल्याकडच्या माणसासाठी ती कधीही छापू नये. दिवस १२ च्या आत असला की वाचणारा बिनदिक्कत उलटी वाचतो.

कॅपिटल जी हा आणखी एक छुपा सापळा. तो साल देतो, पण आठवड्यांच्या हिशोबाचं साल. ज्या आठवड्यात वर्षाचा पहिला गुरुवार येतो तो त्या वर्षाचा पहिला आठवडा, अशी ती आंतरराष्ट्रीय पद्धत. त्यामुळे २९ डिसेंबर २०२५ च्या सोमवारी कॅपिटल वाय २०२५ म्हणतो आणि कॅपिटल जी २०२६. वर्षभर दोघे सारखेच उत्तर देतात आणि नाताळच्या सुट्टीत, नेमकं कोणी कामावर नसताना, भांडतात.

जागेचं माप हा भाग लोक हलक्यात घेतात. "२७/०८/२०२५ १०:०५" असा इंग्रजी अंकांतला मजकूर १६ अक्षरांचा, शेवटचा शून्य बाइट धरून १७. तुम्ही जागा १६ चीच दिलीत तर 'स्ट्रफटाइम' १५ अक्षरं लिहून थांबत नाही. ते ० हे उत्तर देतं, आणि त्या जागेत काय आहे याची हमी नाही. उत्तर न तपासता ती जागा छापली की कागदावर कचरा. बसलं तर किती बाइट लिहिले तो आकडा मिळतो. मी सरळ ६४ बाइटची जागा घेतो आणि उत्तर ० आलं तर पावतीवर तारखेऐवजी रेघा छापतो. रेघा बघून मामा मला फोन करतो. कचरा बघून त्याने प्रिंटरला चापट मारली असती.

साडेपाच तासांचं कोडं

काही चुका आकड्यातच असतात. पावतीवर ०१/०१/१९७० ०५:३० दिसलं तर भारतातल्या कुठल्याही प्रोग्रामरने ओळखायला हवं की आकडा शून्य आला. घड्याळाच्या चिपची नाण्याएवढी बॅटरी संपली असेल, किंवा वेळ भरायच्या आधीच कोणी वाचली असेल. पहाटेचे साडेपाच म्हणजे यूटीसीची मध्यरात्र, आपल्या घड्याळात. हीच चूक लंडनमध्ये वेगळी दिसते, आपल्याकडे ती साडेपाचचा वेश घालून येते.

उलट बाजूने, पावतीवर १०:०५ ऐवजी ०४:३५ दिसलं तर आकडा बरोबर आहे पण तुकडे यूटीसीचे पडले. एकतर 'जीएमटाइम' वापरलंय, किंवा 'लोकलटाइम' वापरूनही यंत्राला आपण कुठे आहोत हे कोणी सांगितलेलं नाही. दुपारी ही चूक फक्त वेळेची असते. पहाटे ती तारखेचीही होते, कारण आपल्या साडेपाचच्या आधी यूटीसीत अजून कालचाच दिवस असतो. मालीम जेटीवर पहाटे चारला उतरलेल्या मासळीचा हिशोब असा यूटीसीत छापला तर सगळी बांगड्यांची खोकी आदल्या दिवशीच्या खात्यात जातील.

लिनक्ससारख्या यंत्रणेला गाव सांगायची नेटकी पद्धत म्हणजे 'एशिया/कोलकाता' हे नाव. ज्या छोट्या बोर्डवर नावांचा तो संग्रह नसतो तिथे हाताने लिहावं लागतं, आणि ते लिहितात 'आयएसटी-५:३०' असं. होय, उणे. आपण यूटीसीच्या पुढे आहोत, पण इथे चिन्हाचा अर्थ 'स्थानिक वेळेत किती मिळवले की यूटीसी येते' असा आहे, म्हणून पूर्वेकडच्यांना उणे. मी पहिल्यांदा अधिक लिहिलं होतं, आणि यंत्र साडेपाच तास पुढे जायच्या ऐवजी तेवढंच मागे गेलं. गंमत म्हणजे 'स्ट्रफटाइम'मधला टक्का स्मॉल झेड आपल्याला सरळ +०५३० असं छापून देतो. एकच गोष्ट, दोन ठिकाणी दोन चिन्हं.

तसं बघायला गेलं तर +५:३० हीसुद्धा गोव्याची 'खरी' वेळ नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, आणि पणजी ७४ च्याही थोडी अलीकडे. एका अंशाला चार मिनिटं या हिशोबाने आपला सूर्य प्रमाणवेळेच्या साधारण ३५ मिनिटं मागे चालतो. सीला याच्याशी काही देणंघेणं नाही. त्याला फक्त सरकारी घड्याळ कळतं.

शून्याच्या पलीकडे

गोव्यात काम करताना एक गोष्ट हटकून पुढ्यात येते. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला. युनिक्सचं शून्य त्यानंतर आठ वर्षांनी. म्हणजे मुक्तिदिनाचा आकडा उणे आहे: त्या दिवसाची यूटीसी मध्यरात्र म्हणजे उणे २५३५८४०००. मुक्तीच्या आधी जन्मलेल्या प्रत्येक गोंयकाराची जन्मतारीख त्याहून मागे. लिनक्सवर उणे आकडा बिनतक्रार चालतो, तुकडे बरोबर पडतात आणि 'स्ट्रफटाइम' मुकाट्याने मंगळवार छापतं. विंडोजवरचं मायक्रोसॉफ्टचं 'लोकलटाइम' मात्र उणे आकड्याला पेटीच देत नाही, रिकामा पत्ता परत करतं. तो न तपासता पुढे दिलात तर प्रोग्राम तिथेच कोसळतो. घटकराज्याची तारीख, ३० मे १९८७, दोन्हीकडे सुखरूप छापली जाते.

तुकड्यांवरून परत आकडा करणाऱ्या 'एमकेटाइम'ची इथे आणखी अडचण. जमलं नाही की ते उणे एक देतं. पण उणे एक हा खराखुरा क्षणही आहे, शून्याच्या एक सेकंद आधीचा. मग नापास कोण आणि १९६९ चा शेवटचा सेकंद कोण? त्यावरची युक्ती अशी की 'एमकेटाइम' बोलावण्याआधी वाराच्या खणात मुद्दाम उणे एक ठेवायचा. काम जमलं तर ते वार स्वतः भरतं. खण तसाच राहिला तर समजा फसलं. आणि उन्हाळी वेळेच्या खणातही उणे एक ठेवा, म्हणजे 'तूच बघ'. तिथे कचरा राहिला तर आपल्याकडे बऱ्याचदा खपून जातं, पण तोच प्रोग्राम लिस्बनच्या भाच्याने चालवला की एक तास इकडेतिकडे होतो.

दुसऱ्या टोकाला २०३८ आहे. ज्या जुन्या यंत्रांवर 'टाइम-टी' ३२ बिटांचा आहे तिथे आकडा २१४७४८३६४७ च्या पुढे जाऊ शकत नाही. तो क्षण म्हणजे १९ जानेवारी २०३८, मंगळवार, आपल्याकडे सकाळचे ८:४४:०७. पुढच्या सेकंदाला आकडा उलटून उणे होतो आणि यूटीसी तारीख १३ डिसेंबर १९०१ ची छापली जाते. ६४ बिटांच्या 'टाइम-टी'ला ही चिंता नाही. मामाचा बोर्ड मी तपासला, तो ६४ चा आहे.

नावं मराठीत हवी असतील तर

'स्ट्रफटाइम'चा टक्का कॅपिटल ए पूर्ण वार देतो, टक्का कॅपिटल बी पूर्ण महिना. पण प्रोग्राम सुरू होतो तेव्हा तो 'सी' नावाच्या कोऱ्या लोकेलमध्ये (लोकेल म्हणजे भाषा-प्रदेशाची मांडणी) असतो आणि त्यात नावं इंग्रजी. 'सेटलोकेल' बोलावून मराठी-भारत हे लोकेल लावलं की बुधवार, ऑगस्ट अशी नावं येतात. लिनक्सवर मराठीचं लोकेल आहे, कोकणीचंही आहे. यंत्रावर ते बसवलेलं मात्र असायला हवं, नाहीतर 'सेटलोकेल' रिकाम्या हाताने परततं आणि नावं निमूट इंग्रजीच राहतात.

इथे मघाचं माप पुन्हा आठवा. ते अक्षरांचं नसतं, बाइटचं असतं. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट खाते, आणि काना, मात्रा, हलन्त या वेगळ्या खुणा. 'शुक्रवार' डोळ्यांना चार-पाच अक्षरं दिसतो, आत ८ खुणा, म्हणजे २४ बाइट. इंग्रजी नावांसाठी मोजून घेतलेली जागा मराठीत हमखास कमी पडते. मग ० उत्तर, मग कचरा.

माझ्या बोर्डवर लोकेलबिकेल काही नव्हतं. तिथे बारा नावांची रांग स्वतः लिहिली आणि महिन्याच्या खणातला शून्यापासूनचा आकडा सरळ तिच्यात घातला. ज्या सातने चवथ जुलैत नेली होती त्याच सातने आता 'ऑगस्ट' उचलून दिलं. प्रिंटरला देवनागरी येत नव्हती म्हणून ती नावं चित्रं करून पाठवावी लागली, पण ती वेगळी हमाली.

आणि हे सगळं फक्त माणसाने वाचायच्या मजकुराला. नोंदवहीच्या फाइलमध्ये मी वेगळा साचा ठेवला आहे: आधी साल, मग महिना, मग दिवस, मग वेळ आणि शेवटी +०५३०. फाइलचं नाव २०२५-०८-२७ असं असलं की यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते. दिवस पुढे ठेवला असता तर १ सप्टेंबर हा २७ ऑगस्टच्या आधी बसला असता, कारण संगणक अक्षरं लावतो, तारखा नाही.

दुरुस्त पावती मामाला पसंत पडली. बुधवार, २७ ऑगस्ट २०२५, सकाळी १०:०५. कागद उलटसुलट करून म्हणाला, तिथी खंय? भाद्रपद शुद्ध चतुर्थी छापायला नको का? मी 'स्ट्रफटाइम'च्या साच्यातली सगळी अक्षरं पुन्हा एकदा चाळली. वार आहे, आठवडा आहे, वर्षातला दिवस आहे, तिथीसाठी अक्षर नाही. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातल्या अंतराचे बारा-बारा अंशांचे टप्पे, तेवढं खगोल त्या छोट्या बोर्डमध्ये घालायचं मला जमणारं नव्हतं. मग प्रोग्राममध्ये चवथीची तारीख हाताने लिहिली. पेटीतला दिवस, महिना आणि साल तिच्याशी जुळले की खाली एक जादा ओळ छापायची. २०२६ साठी तिथे १४ सप्टेंबर घातला आहे, म्हणजे खणांत १४, ८ आणि १२६.